आक्कांचा बोर्ड

जी गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही, ती आधी सांगून टाकतो. शांताक्कांचा उजवा कान ज्या कोयत्याने गेला तो कोयता दिनकरचा होता. पण त्याला त्या जिन्यापर्यंतची वाट मी दाखवली. पोलिसांना हे माहीत नाही, कोर्टाला माहीत नाही, आणि ज्या बाईवर त्याचा आळ आला तिलाही माहीत नाही. आक्कांना माहीत होतं असं मला वाटतं. त्या बोलल्या नाहीत. आता त्या राहिल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे. आणि त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर स्वतःविषयी खोटं लिहून भागणार नाही.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं इंटरनेट कॅफे होतं. आठ संगणक, मध्ये प्लायवुडचे आडोसे. दोन हजार तीन-चारचा काळ. एका दुपारी साठीला टेकलेली, सुती इरकली नेसलेली, कपाळावर विभूतीची पुसट रेघ असलेली एक बाई आत आली आणि बसण्याआधी आठही आडोशांत डोकावून आली. एका आडोशातला कॉलेजचा मुलगा दचकून उभाच राहिला. मग ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "लाईनीवर कोण कोण हाय ते आधी बघायचं, मग तोंड उघडायचं. आता सांग तम्मा, बायकांनी बायकांशी बोलायचं आणि बापयांनी ऐकायचं न्हाय, आसं ह्यात काय जमतंय का?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आक्का निपाणीकडच्या. बायकांना त्या तंगी म्हणत, धाकटी बहीण. पुढे सहा वर्षं त्या माझ्या दुकानात आल्या आणि एकही दिवस डोकावल्याशिवाय बसल्या नाहीत.

त्यांचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. ट्रंक कॉलच्या जमान्यात गावाबाहेर बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा, मग ऑपरेटर बाई हाताने लाईन जोडून देणार. त्या ऑपरेटर बाई म्हणजे आक्का. डाव्या कानाने त्यांना काही ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे. मी एकदा कारण विचारलं.

"नवऱ्यानं मारलंतं," आक्का म्हणाल्या. "हत्यार कशाला लागतंय, तळहात पुरतोय. कानात शिट्टी वाजली आणि डावी बाजू गेली. मी हेडफोन उजवीकडं सरकवला, संपलं. सायबाला पाच वर्सं पत्ता न्हवता."

"मग त्यांचं पुढं काय झालं?"

"पितळंचा तांब्या. अकरा टाकं. मीच मोजलं, दवाखान्यात न्यायला दुसरं कोण हुतं?" नवरा त्यानंतर भावाकडे गोकाकला गेला तो परत आला नाही. "तांब्या हाय अजून. एका अंगाला चेपलाय. पाणी पितो की मी त्यातनं."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मर्दुमकीचा मागमूस नसे. मारामारीबद्दल त्या एखाद्या कारकुनासारखं बोलत: कुठे, कशाने, किती. फक्त एक गोष्ट त्यांना नीट सांगता येत नसे. बेळगावहून एका मुलीने कोल्हापूरला आईला ट्रंक कॉल लावला होता. ऑपरेटरने ऐकायचं नसतं, पण लाईन धरून बसावं लागतं, त्यामुळे ऐकू येतंच. मुलगी "आई" म्हणाली आणि मागून फटका बसल्याचा आवाज आला. मग आणखी एक. फोन खाली पडला, लाईन चालूच. आई इकडून हाका मारत होती. तिकडे कोणीतरी मोजून, दम घेऊन मारत होतं. तीन मिनिटं झाली, आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये जाऊन विचारायचं असा नियम होता.

"मी इचारलं," आक्का म्हणाल्या. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का, आसं इचारलं. एक बापय फोनवर आला, 'नको' म्हणाला. मी लाईन तोडली. माझी नोकरी ती. जोडायची आणि तोडायची."

त्यांनी माझ्याकडून जो बोर्ड करून घेतला त्याची कल्पना त्यांच्या डोक्यात कुठून आली हे मला त्या दिवशी कळलं.

बोर्ड म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या गटांच्या आधीची गोष्ट. इंटरनेटवर एक फुकटची जागा घ्यायची, तिथे विषयवार खोल्या करायच्या, सभासदांनी येऊन लिहायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. कोणत्या खोलीत कोणी शिरायचं, कोणाला नुसतं बघता येईल, कोणाला लिहिता येईल, हे सगळं मालकाने ठरवायचं. मला ते करता येत होतं. काम देण्याआधी आक्कांनी मला समोर बसवलं.

"बायकोवर हात उचलतोस?"

"एकदा," मी म्हणालो.

"एकदा म्हंजे किती?"

"तीनदा."

"बरं. न्हाय म्हणाला आसतास तर उठलो आसतो. चौथ्यांदा उचललास तर मला तिच्याकडनंच कळंल, ती बुधवारच्या बॅचला येणार हाय." आणि खरंच माझी बायको बुधवारच्या बॅचला यायला लागली.

दुपारी दोन ते चार मी बायकांसाठी संगणकाचा वर्ग ठेवला. त्या काळात सून संगणक शिकते म्हटलं की सासरचे कौतुकाने पाठवत. बोर्डाचा दर्शनी भाग पाककृतींचा होता. नाव न सांगता नुसतं बघायला येणाऱ्याला, म्हणजे पाहुण्याला, फक्त तेवढंच दिसे: पांढरा रस्सा फुटू नये म्हणून काय करावं, खर्ड्याला कोणती मिरची घ्यावी. खांद्यावरून डोकावणाऱ्या नवऱ्याला तेवढंच दिसे. सभासद झालं की शिवणकाम, मुलांची शाळा अशा दोन-तीन खोल्या उघडत. आणि सगळ्यांच्या मागे एक खोली होती, जी सभासदांनाही दिसत नसे. आक्कांनी तिचं नाव ठेवलं होतं 'ट्रंक'. तिथे कोणाला घ्यायचं ते आक्का एकट्या ठरवत, आणि त्या बाईशी फोनवर बोलल्याशिवाय कधीच ठरवत नसत. "आवाज ऐकल्याबिगर जोडणी न्हाय," हे त्यांचं वाक्य. आवाजावरून त्यांना कळे की बाई एकटी आहे की शेजारी कोणी उभं आहे.

कोणत्या डॉक्टर बाई मार जसा आहे तसा कागदावर लिहितात, कोणत्या चौकीत तक्रार घेतात, कोणाच्या घरी दोन रात्री जागा आहे, हे सगळं ट्रंकमध्ये चाले असं मला ऐकून माहीत होतं. मी मालकाच्या नावाने आत जाऊ शकत होतो, पण गेलो नाही. आक्कांनी एकदाच सांगितलं होतं, "गवंडी घरभर फिरतोय तम्मा, पर कपाट उघडत न्हाय." मी ते पाळलं. मला त्याचा अभिमानही होता. त्या अभिमानाचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

हे काम शांतपणे बसून होणारं नव्हतं. इचलकरंजीची एक बाई आली होती, तिच्या पाठीवर नवऱ्याने सुताला लावायची उकळती खळ ओतली होती. खुर्चीला पाठ टेकता येत नव्हती म्हणून ती उभ्याने टाइप करायची. एकदा एकाने भर दुपारी दुकानात शिरून आपल्या बायकोची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला सहा नंबरच्या आडोशातून फरपटत काढलं. मी काउंटरमागून उठेपर्यंत आक्कांनी कीबोर्ड दोन्ही हातांनी धरून त्याच्या मनगटावर घातला. एकदा नाही, वेणी सुटेपर्यंत. बटणं दुकानभर उडाली. तो शिव्या देत गेल्यावर त्या बाई आणि आक्का खाली बसून बटणं गोळा करत होत्या. आक्का म्हणाल्या, "सगळं गावलं, एंटर तेवढं गावंना. त्याच्या हातात रुतलं काय की." ती बाई, फाटक्या ओठाने, हसली. हसल्यामुळे पुन्हा रक्त आलं.

परवानग्यांच्या बाबतीत आक्का माझ्यापेक्षा कडक होत्या. मी म्हणायचो, एवढं बंद करून ठेवलं तर नवीन बाईला कळणार कसं? त्या म्हणायच्या, "पाणी मागितलं तर पाणी द्यावं. माजघर दावायचं कारण न्हाय." आणि दुसरं एक म्हणायच्या, जे मला तेव्हा फार टोकाचं वाटायचं: "नुस्तं बघू द्या म्हणतोय त्याला सगळ्यात जास्त भ्यायचं. मारणारा आधी बघतोय की."

दिनकरची बायको वैशाली अशीच वर्गाला यायची. दिनकर आणि मी एका तालमीतले. मी कुस्ती कधीच सोडली होती, तो अजून मेहनत करायचा. त्याने वैशालीचा उजवा हात दारात घालून दार लावलं होतं. हात प्लास्टरमध्ये आणि ती चार दिवसांपासून घरातून गायब. कुठे आहे मला ठाऊक नव्हतं. आक्काही गावात नव्हत्या, त्यावरून त्या तिच्याबरोबर असाव्यात एवढं मी ताडलं होतं.

त्या बुधवारी चार वाजता वर्ग सुटला आणि आमचे वस्ताद दुकानात आले. मागे दिनकर. ज्यांची तालीम माहीत नाही त्यांना हे सांगून समजणार नाही, पण प्रयत्न करतो. वस्तादांनी मला वयाच्या दहाव्या वर्षापासून मातीत वाढवलं होतं. माझा बाप गेला तेव्हा मला पोटाशी धरून बसले होते ते वस्ताद. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो. मी पाया पडलो, ते माझ्या खुर्चीत बसले.

"इलास, ह्याची मालकीण हितं यायची व्हय?"

"यायची."

"मग कुठं हाय म्हाईत आसंल."

"न्हाय वस्ताद. खरंच न्हाय."

"ह्या मशिनीत बायका काय तरी लिवत्यात म्हणं. त्यात बघ की."

"ते बायकांचं हाय. मीबी बघत न्हाय."

दिनकर भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा गडी, हुंदके देऊन. वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "तिची आई अन्न घेईना झालीया. पोरगी जिती हाय का न्हाय, तेवढं तरी कळू दे. वाचू नगं म्हणतोस तर न्हाय वाचत. मी कवा तुझ्याकडं काय मागिटलंय का?"

नव्हतं मागितलं. कधीच काही नाही.

आता मी केलं ते नीट सांगतो. त्या बोर्डात प्रत्येक खोलीसाठी पाहुण्याच्या नावापुढे दोन वेगळे चौकोन होते. एक, खोलीतली विषयांची यादी दिसू द्यायची का. दुसरा, विषय उघडून आतला मजकूर वाचू द्यायचा का. मी विचार केला: यादी दिसू दे. कोणी कोणत्या दिवशी लिहिलं ते दिसेल, वैशालीने कालपरवा लिहिलं असेल तर जिवंत आहे एवढं कळेल. मजकूर बंदच राहील. वस्तादांचा शब्द राहील आणि आक्कांचाही. मला मी फार हुशार वाटलो. मी पहिल्या चौकोनात खूण केली आणि चार नंबरच्या संगणकावर पाहुणा म्हणून बोर्ड उघडून दिला.

मी ती यादी कधी पाहिलीच नव्हती. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलचं एक तिकीट असे. कुठून, कुठे, किती वेळ, सगळं त्या चिठ्ठीवर वरच लिहिलेलं. आक्का मथळे तसेच लिहायच्या. बायकांना विषय उघडून वाचायला सवड नसते, मागे कोणीतरी उभं असतं, यादीवरून नजर फिरली की समजलं पाहिजे, म्हणून सगळं मथळ्यातच. ट्रंकमध्ये उघडून वाचण्यासारखं काही नसायचंच. मी कुलूप लावलेल्या पेटीवर पत्ता लिहिलेला होता, आणि पेटी उघडत नाही या समाधानात मी पत्ता दाखवला.

दिनकर काचेवर बोट ठेवून सावकाश वाचत गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, त्यामुळे आणखी सावकाश. मग बोट थांबलं. मथळा असा होता: वाडी, बेबीची माडी, गुरुवारी दोनला पुढं धाडणे, उजवा हात प्लास्टर.

वाडी म्हणजे आमच्याकडे नृसिंहवाडी. बाईचं नाव नव्हतं. पण हात त्यानेच मोडला होता, त्याला नावाची गरज नव्हती.

"चला वस्ताद," तो म्हणाला. रडणं थांबलं होतं. वस्तादांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी चौकोनातली खूण काढली, आणि काढता काढता ती ओळ मीही वाचली.

तेव्हा बुधवारचे साडेचार वाजले होते. गुरुवार दुपारपर्यंत वीस तासांच्या वर वेळ होता. आक्कांकडे मोबाइल होता, नंबर मला पाठ होता. मी दुकानातून फोन लावला नाही. कोपऱ्यावरच्या नाण्याच्या फोनवर गेलो. दोनदा वाजला आणि आक्कांनी उचलला. "कोण हाय लाईनीवर?" त्या म्हणाल्या. तिथून पळा एवढंच मला सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर तुला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं. "कोण हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी फोन ठेवला. मग स्वतःला समजावलं की दिनकर वस्तादांबरोबर आहे, वस्ताद काही वावगं होऊ देणार नाहीत. वस्ताद पेठेत आपल्या घरी उतरले होते. दुसऱ्या दिवशी दिनकर नृसिंहवाडीला एकटाच गेला.

पुढचं मी आक्कांच्या तोंडून ऐकलं, नंतर, आणि त्या फार मोठ्याने बोलत होत्या कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बेबीताई म्हणजे देवळाच्या वाटेवर पेढे विकणारी विधवा, तिच्या माडीवर वैशाली होती. दीडच्या सुमाराला खाली दार आपटलं. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असा. आक्का मधल्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. दिनकरने आधी त्यांना बाजूला सर म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी सरकायला न्हाय आलो." त्याने कोयत्याचा मागचा जाड भाग उजव्या कानामागे घातला. त्या पडल्या आणि पडताना त्यांनी त्याचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला.

"दात लावलं मी पोटरीला. त्यो मारत हुता आणि मी सोडत न्हवतो. मांस आलं तोंडात. किती येळ, म्हाईत न्हाय. तीन मिनिटं आसतील."

तेवढ्या वेळात वैशालीने मागच्या खिडकीतून शेजारच्या गोठ्यावर उडी टाकली. पत्रा फाटला, घोटा मोडला, जीव वाचला. गुरुवार असल्याने देवळाकडे गर्दी होती. लोकांनी दिनकरला धरला आणि असा मारला की पोलिसांनाच त्याला सोडवावं लागलं. जिन्यावर रक्ताने पाय घसरत होते असं बेबीताई कोर्टात म्हणाली. वैशाली बरी होऊन लांब गेली, आजही आहे. आक्कांना मिरजेला नेलं. कवटीचं हाड कानाच्या आत गेलं होतं. डावी बाजू नवऱ्याने नेली होती, उजवी दिनकरने नेली.

पोलिसांनी दिनकरला विचारलं, पत्ता कुठून मिळाला. त्याने सांगितलं नाही. शिक्षा झाली तरी सांगितलं नाही. तालमीतला गडी तालमीतल्याचं नाव घेत नाही. वस्तादही गप्प राहिले. मी वाचलो तो असा, मारणाऱ्याच्या इमानामुळे.

मात्र आक्का दवाखान्यात असताना बोर्डावरच्या बायकांना उत्तर हवं होतं. ट्रंकमध्ये सगळ्या मिळून अकरा जणी. त्यांतली मीना, शिरोळकडची, पंधरा दिवसांपूर्वी नवऱ्याकडे नांदायला परत गेली होती. तिचं माहेर वाडीच्या जवळ. पत्ता तिनेच फोडला असं बाकीच्यांनी ठरवलं. दोघी जणी माझ्याकडे आल्या, "विलासदादा, तिला काढून टाका."

काढून टाकायचीही एक जागा असते. नाव निवडायचं, बंदीवर बोट दाबायचं, आणि खाली एक रिकामी चौकट असते, कारण लिहायला. कारण लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. मी लिहिलं: विश्वासघात. मला बहुधा तो शब्द कुठेतरी ठेवायचा होता.

चार दिवसांनी मीना दुकानात आली. पदराने अर्धा चेहरा झाकलेला.

"दादा, उघडायला गेलो तर विश्वासघात म्हणून येतंय. माझं काय चुकलं?"

"बायकांनी ठरवलंय."

"मी कुणाला कायबी सांगिटलं न्हाय. आईशपथ. मशीन सगळं लिवून ठेवतंय म्हणं, त्या दिवशी कोण आलतं, काय बघितलं. तेवढं काढून दावा की त्यास्नी."

मशीन खरंच लिहून ठेवत होतं. कोणत्या मालकाने कोणती परवानगी किती वाजता बदलली, त्याची नोंद बोर्डावर होत असे. त्या दिवसाची पानं मी गुरुवारी संध्याकाळीच पुसली होती.

"तसलं काय राहत न्हाय त्यात," मी म्हणालो.

"आता काय झालं तर मी कुणाला सांगू?" असं तिने विचारलं, आणि ते माझ्यावर रागावून नाही, खरंच माहिती विचारावी तसं. मग ती गेली. पुढच्या महिन्यात नवऱ्याने मुसळाने तिची दोन्ही मनगटं मोडली. आधी ती ट्रंकमध्ये लिहायची, आणि तासाभरात कोणीतरी दाराशी उभं राहायचं. या वेळी तिने कोणाला सांगितलं नाही. तीन दिवस ती मोडक्या हातांनी घरातच होती.

आक्का दोन महिन्यांनी आल्या. डोक्याला फडकं, हातात शाळेची पाटी. दारात थांबून त्यांनी सवयीने आठही आडोसे पाहिले. मग माझ्यासमोर बसल्या आणि पाटी पुढे सरकवली. मोठ्याने म्हणाल्या, "बुधवारी लाईनीवर कोण हुतं?"

मी पाटीवर लिहिलं, माहीत नाही.

त्यांनी वाचलं. मग बोर्ड उघडून नोंदींची जागा काढायला लावली. आधीचे दिवस होते, नंतरचे होते. मधला बुधवार-गुरुवार कोरा. त्या कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसल्या.

"एक्स्चेंजमधी तिकीट हरवलं," त्या म्हणाल्या, दुकानभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "की आमी गिऱ्हाइकाला इचारत न्हवतो."

कोणाला विचारत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. तिकीट ते लिहिणाऱ्याच्याच हातात राही, हे मला कळत होतं. त्यांनी फक्त मीनाची बंदी उठवायला सांगितली. मी उठवली. मीनाने निरोप धाडला, "एकदा हाकललं ते पुरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून आक्का माझ्याकडे शिकायला बसल्या. प्रत्येक खोली, प्रत्येक परवानगी, पाहुण्याचे दोन चौकोन, सभासदांचे चार. मी पाटीवर लिहायचो, त्या वहीत उतरवून घ्यायच्या. यादीच्या चौकोनापाशी त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं. "म्हंजे वाचायला बंद आसूनबी यादी दिसती?" मी मान डोलावली. त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. तीन आठवड्यांनी म्हणाल्या, "आता तिकडं बघ." मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी मालकाचा पासवर्ड बदलला. मग माझं नाव मालकांच्या यादीतून काढून सभासदांत टाकलं, आणि सभासदांतूनही काढलं. वळून बघितलं तेव्हा पडद्यावर पांढऱ्या रस्स्याची कृती होती. मी पाहुणा झालो होतो.

तरीही त्या रोज आल्या. माझ्याशी तसंच बोलल्या, तम्मा म्हणूनच. मथळे लिहिणं मात्र त्यांनी सोडलं. त्या जागी नुसता आकडा. एकदा त्या म्हणाल्या, "ऐकू यायचं तवा मी लाईनी तोडल्या. आता येत न्हाय तर जोडतो." शेवटच्या वर्षी साखर वाढली, पाय सुजला, तरी रिक्षाने यायच्या. एका सोमवारी आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तोवर शेजारच्या बायकांनी त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे पद्मासनात बसवलं होतं, समाधीची तयारी चालली होती. अंथरुणाच्या उशाशी ती वही होती. कोणीतरी ती उचलून घेतली, आणि मला दिली नाही. बरोबरच होतं.

मीना नवऱ्यापासून सुटली. सध्या ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. मनगटं वाकडी जुळली आहेत, जड भांडं ती कोपरांत धरून उचलते. हे मला माहीत आहे कारण मी दोनदा तिथे गेलो, पाळी सुटायच्या वेळेला फाटकासमोर उभा राहिलो, ती बाहेर आली, आणि मी पुढच्या बसने परत आलो. त्या अकरा जणींतल्या काही अजून गावात आहेत. त्या आजही मीनाशी बोलत नाहीत.

हे लिहिलेलं ती वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचलं तरी त्याने काही फिटत नाही. मीनाला समोर उभं राहून सांगण्याचं देणं मी लागतो की यादी मी उघडली, नोंद मी पुसली आणि तो शब्द मी लिहिला; आणि त्या बायकांनाही तेच सांगण्याचं देणं लागतो, तिच्यासमोर. ते मी अजून केलेलं नाही.